वेशीच्या दोन बाजूंची भीती

1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुट्याला, खाजगी बस पेटली आणि 25 प्रवासी होरपळून मेले. त्यानंतर महिनाभरातच त्या जागी महामृत्युंजय यंत्र पुरण्याचा विधी झाला, जप झाला आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही दाखल झाला. तेव्हापासून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांच्या गोष्टींत एक नवी जागा आली. रात्री त्या रस्त्यावर कोणीतरी हात दाखवतं, आरशात कोणीतरी मागं बसलेलं दिसतं. अशा गोष्टी सांगितल्या म्हणून मी पोरांवर कधी रागावलो नाही. एवढी माणसं एका रात्रीत जळतात आणि सकाळी रस्ता पुन्हा वाहता होतो, हे पंधरा वर्षांच्या मनाला कुठंतरी ठेवावंच लागतं. त्या मनाला सापडलेली जागा म्हणजे भुताची गोष्ट.

माझा प्रश्न पुढचा आहे. घाबरलेल्या पोराला आपली भाषा कोणत्या गोष्टी हातात देते? मराठी भयकथेचा साठा मोठा आहे, रसाळ आहे आणि मी त्याच्यावरच वाढलो. पण हा साठा जवळजवळ सगळा वेशीच्या आतून सांगितलेला आहे. भीती नेहमी बाहेरून गावात येते. तिकडच्या ओढ्यावरून, मसणवट्यातून, म्हसोबाच्या दगडापासून, मरीआईच्या देवळापासून येते. गोष्ट सांगणारा ओसरीवर बसलेला असतो आणि त्याचं बोट अंधाराकडं असतं. त्या अंधारात पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत होती, हे गोष्टीत येत नाही.

वेशीबाहेर कोण राहत होतं ते आपण जाणतो. महारवाडा, मांगवाडा, पारध्यांचा बेडा, कधी मसणजोग्यांची पालं. गावानं आपली सगळी नकोशी कामं त्यांच्यावर टाकली. मेलेलं ढोर ओढायचं, चितेची लाकडं फोडायची, मयताची खबर घेऊन रातोरात परगावी चालत जायचं, रात्रीची गस्त घालायची. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडायचा. म्हणजे गावाला मरणाची जेवढी भीती होती तेवढी सगळी ठराविक माणसांना वाहायला लावली, आणि पुढं त्या माणसांचीच भीती वाटू लागली. गावच्या भयकथेचा पाया हा असा घातला गेला आहे.

आपल्या भुतांनाही जात आहे. मुंजाचंच पाहा. मुंज झालेला, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला बटू. त्याला पिंपळ आहे, पार आहे, अपुरी राहिलेली इच्छा आहे आणि ती शमवायचे विधी आहेत. समंधाला पुरून ठेवलेलं धन असतं, वारस असतात, वाड्यावर हक्क असतो. त्यांना चरित्र असतं. वेशीबाहेर मेलेल्याचं भूत मात्र गोष्टीत बहुतेक वेळा नुसता आकार म्हणून येतं, नाव आणि गाऱ्हाणं नसलेलं. जिवंतपणी ज्याला चावडीवर बोलता येत नव्हतं, त्याला मेल्यावरही बोलायची मुभा मिळाली नाही.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी या दोघांचा मी ऋणी आहे. साध्या घरात, उजेडात, नात्यागोत्यात भीती कशी उभी करायची हे मराठीला त्यांनी शिकवलं. मतकरींच्या कथेत माणसाच्या मनातलं पापच पुष्कळदा भूत होतं, ही फार मोठी झेप होती. पण धारपांचा पछाडलेला वाडा आणि मतकरींचा मध्यमवर्गीय दिवाणखाना या दोन्ही जागा वेशीच्या आतल्या. त्या त्यांच्या माहितीच्या जागा होत्या आणि त्यांनी त्या प्रामाणिकपणे लिहिल्या. बाहेरची जागा लिहायचं काम ज्यांना ती माहीत होती त्यांनी केलं, पण त्याला भयकथा म्हणायचं मात्र आपल्याला सुचलं नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी 1935-36 च्या सुमारास इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1990 मध्ये त्या छापल्या. त्यातली पहिली आठवण 1901 सालची. नऊ वर्षांचा भीम, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं असे चौघं साताऱ्याहून कोरेगावला, वडिलांच्या नोकरीच्या गावी, सुट्टीसाठी निघतात. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनवर उतरतात, पण न्यायला कोणी आलेलं नाही. वडिलांपर्यंत निरोपच पोचला नव्हता. स्टेशनमास्तर चौकशी करतो. पोरं चांगल्या घरची दिसतात, म्हणून आपुलकीनं बोलतो. कोण तुम्ही? महार. मास्तराचा चेहरा क्षणात बदलतो आणि तो पाठ फिरवून निघून जातो.

इथून पुढं जे घडतं त्याची बांधणी कुठल्याही कसलेल्या भयकथाकारानं अभ्यासावी अशी आहे. ऊन उतरतं. स्टेशनबाहेर बैलगाड्या उभ्या आहेत, पण महाराची पोरं म्हटल्यावर दुप्पट भाडं देऊनही कोणी तयार नाही. शेवटी एकजण कबूल होतो, एका अटीवर. पोरांनी गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. अंधार पडतो. रस्त्यावर दिवा नाही, माणूस नाही. डबाभर खायला आहे, पण पाणी नाही. ओढा लागतो, तर त्यात चिखल आणि शेणमूत. गाडीवान वाटेतल्या गावात जाऊन जेवून येतो आणि पुढं पोरांच्या रडण्यालाही उत्तर देत नाही. पोरांच्या अंगावर दागिने आहेत. हा माणूस आपल्याला मारून तर टाकणार नाही? दूरवर उजेड दिसतो, तो टोलनाक्याच्या झोपडीचा. मध्यरात्र झालेली. तिथं पाणी मिळावं म्हणून भीम उर्दूत बोलून आपण मुसलमान असल्याचं सांगतो. तरीही पाणी मिळत नाही. मग दोघांनी झोपायचं आणि दोघांनी जागायचं, अशी ती रात्र काढायची.

या गोष्टीत भूत नाही आणि अतर्क्य असंही काही नाही. पण निर्जन रस्ता, न बोलणारा सोबती, लांबचा उजेड आणि तिथं पोचल्यावर बंद झालेली आशा, हे भयकथेचे सगळे सांधे त्यात आहेत. फरक एवढाच की बोट दाखवायची दिशा उलटी आहे. मुलं अंधाराला भितात, पण त्याहून जास्त उजेडात बसलेल्या माणसाला भितात. मी ही आठवण नववीच्या वर्गाला तोंडी सांगतो तेव्हा गाडीवान बोलायचा थांबतो त्या जागी वर्ग श्वास रोखतो. सगळा वर्ग, कोणत्याही आडनावाचा. त्या दोन-तीन मिनिटांत आमच्या गावातल्या प्रत्येक घरचं पोर त्या गाडीत बसलेलं असतं. समतेवरच्या भाषणानं असं झालेलं मी पाहिलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की जातीचा आघात कुमारवयीन मुलांपर्यंत पोचवायला भयकथेइतका थेट रस्ता दुसरा नाही. उपदेश डोक्यात जातो आणि बहुतेक वेळा तिथूनच बाहेर पडतो. भीती अंगात जाते. ज्यानं अपमान सोसलेला नाही त्याला अपमान समजावून सांगता येतो, पण तो त्याला पुरता कळत नाही. भीती मात्र सगळ्यांना येते. अंधारात पावलं ऐकू आली की जातीचा दाखला कोणी विचारत नाही. या सामाईक ठिकाणाहून निघून वाचकाला अनोळखी घरात नेणं ही भयकथेची ताकद आहे आणि आपण ती वाया घालवली आहे.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या. मुंबईच्या उपनगरातली खाण बंद पडते. धडधाकट भीमा बेकार होतो आणि पुरलेल्या-जाळलेल्या प्रेतांच्या अंगावरचं सोनं काढून पोट भरू लागतो. एका रात्री ताजं मढं उकरायला कोल्ही जमलेली असतात. माणूस आणि कोल्ही एकाच प्रेतासाठी झुंजतात. त्यानंतर तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं मढ्याच्या जबड्यात अडकतात. मराठीत याहून भयानक प्रसंग मला आठवत नाही, आणि इथंही भूत नाही. मढं निर्जीवच आहे. भीमाला पकडून ठेवलंय ते बेकारीनं आणि भुकेनं. कितीतरी वर्षं आपण ही कथा ‘दारिद्र्याचं दाहक चित्रण’ या सदरात टाकून, परीक्षेपुरते तिचे प्रश्न काढून मोकळे झालो. पोरांना ती रात्री वाचायला द्या आणि बघा, कंदील मालवायची हिंमत होते का.

याहून मागं गेलो तर एक मुलगीच भेटते. मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी, मातंग समाजातली, वय साधारण चौदा. 1855 मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिनं लिहिलं की आमच्या लोकांना तेल-शेंदूर पाजून मोठ्या इमारतींच्या पायांत पुरत. असं लिहिणाऱ्या त्या पोरीच्या हाताचा मी पुष्कळदा विचार करतो. तिनं ही गोष्ट कोणाकडून ऐकली असेल? आजीकडून, निजताना? ज्या वयात वाड्यातली मुलं समंधाच्या गोष्टी ऐकून पांघरुणात शिरत होती, त्या वयात मांगवाड्यातली मुलं वाड्याच्या पायाची गोष्ट ऐकत होती.

पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिकाही हेच सांगते. बुरूज उभा राहीना म्हणून महार कुटुंबातल्या नवरा-बायकोला त्याच्या पायात जिवंत गाडलं. गडावर सहलीला गेलेली पोरं ही गोष्ट गाइडकडून ऐकतात, अंगावर शहारा आणतात आणि पुढच्या बुरुजाकडं पळतात. बळी गेलेल्यांसाठी शहारा एवढाच खर्च होतो. या आख्यायिकेत किती इतिहास आहे हा वेगळा प्रश्न. पण ही गोष्ट त्या बाईच्या तोंडून, पायातल्या अंधारातून कोणी सांगितली आहे का? वर चढत जाणाऱ्या दगडांचा आवाज तिला कसा आला असेल? कोणीतरी सोळा वर्षांच्या वाचकासाठी हे लिहायला हवं.

अमेरिकेत हे काम सुरू झालं आहे आणि त्याची मुळं पाहण्यासारखी आहेत. तिथं गुलामगिरी संपल्यावर कू क्लक्स क्लॅनचे लोक पांढऱ्या झग्यांत, आपण लढाईत मेलेल्या सैनिकांची भुतं आहोत असं भासवून रात्री काळ्या वस्त्यांवर जात. म्हणजे भुताची गोष्ट तिथं लोकांना घरात डांबून ठेवायचं हत्यार होती. भयसाहित्यातला तिकडचा मोठा लेखक लव्हक्राफ्ट हा उघड वंशद्वेष्टा होता. त्याच्या कथांतल्या अनेक भयंकर आकृती म्हणजे परक्या वर्णाच्या माणसांबद्दलची त्याची किळसच. त्याचा चेहरा असलेलं वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं स्मृतिचिन्ह 2015 मध्ये बदलायचं ठरलं. पण कृष्णवर्णीय लेखक भयकथा टाकून गेले नाहीत, त्यांनी ती काबीज केली. टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’मध्ये (1987) आईनं गुलामगिरीत जाऊ नये म्हणून मारलेली लेक परत येते. जस्टिना आयर्लंडच्या कुमारांसाठीच्या ‘ड्रेड नेशन’मध्ये (2018) यादवी युद्धातले मेलेले उठतात आणि गोऱ्यांच्या रक्षणासाठी काळ्या मुलींना शस्त्रं चालवायला शिकवलं जातं. टिफनी जॅक्सनच्या ‘द वेट ऑफ ब्लड’मध्ये (2022) जॉर्जियातली एक मुलगी बापाच्या धाकानं गोरी म्हणून वावरते. एक दिवस पावसात भिजते, केस कुरळे होऊन फुलतात आणि वर्गात तिचं गुपित फुटतं.

हा शेवटचा प्रसंग वाचताना मला बाबुराव बागूल आठवतात. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह 1963 चा. त्यातल्या शीर्षककथेत जात लपवून परगावी खोली मिळवलेला तरुण आणि कोणत्याही क्षणी ती उघडी पडेल ही धास्ती. दाराबाहेरचं प्रत्येक पाऊल आपल्यासाठीच येतंय असं वाटणारी ही कथा मराठीत साठ वर्षं पडून आहे. अमेरिकी कादंबरी वाचून हरखून जाणाऱ्या आपल्या मुलांना ती भयकथा म्हणून कोणीही दिलेली नाही.

कुमारवयावर मी जोर देतो, कारण जातीचा पहिला डंख त्याच वयात बसतो. प्राथमिक शाळेत एका ताटात खाणारी पोरं आठवी-नववीत आपोआप वेगळी बसू लागतात. आडनाव विचारलं जातं. मैत्रिणीच्या घरी पाणी बाहेरच आणून दिलं जातं. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्यानं वाचली जाते आणि नाव आलं की चाळीस माना वळतात. एका शाळेत मी हे पाहिलं आहे. ज्या पोराचं नाव घेतलं गेलं त्यानं उभं राहून ‘हजर सर’ म्हटलं आणि खाली बसल्यावर वहीच्या कडेला पेननं एकाच जागी रेघा मारत राहिला, कागद फाटेपर्यंत. त्याला कोणी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. तक्रार करायला कायद्याचं कलम सापडलं नसतं. पण त्या चाळीस वळलेल्या माना हे दृश्य भयकथेचं आहे आणि ते लिहिणाऱ्याला त्या पोराच्या पोटातला गोळा वाचकाच्या पोटात उतरवता येईल.

पारध्यांच्या बेड्यावरच्या पोराची भीती आणखी वेगळी. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कितीतरी जमातींना जन्मानंच चोर ठरवलं. 31 ऑगस्ट 1952 ला हा शिक्का कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनावरून गेला नाही. गावच्या गोष्टीत रात्री येतो तो पारधी. पारध्याच्या पोराला विचारा रात्री कोण येतं. ते गाडीच्या दिव्यांबद्दल सांगेल, बुटांच्या आवाजाबद्दल सांगेल आणि बापाला नेलं त्या रात्रीबद्दल सांगेल.

यावर जे आक्षेप येतात त्यांत एक मला फार महत्त्वाचा वाटतो. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि तुम्ही पोरांना पुन्हा भुतं वाचायला सांगता? तेही बुलढाण्यात? सैलानी या जिल्ह्यात आहे. पिंपळगाव सराईच्या त्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि बाधा झाली म्हणून सर्व धर्मांची माणसं आणली जातात. त्यांतल्या अनेकांना भुतानं धरलेलं नसून आजारानं धरलेलं असतं. त्यांना डॉक्टरची गरज असते. भुताच्या नावाखाली माणसाला साखळदंडानं बांधणं, मारणं हा या राज्यात गुन्हा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. यात मी तसूभर मागं हटणार नाही.

पण सैलानीला डोळे उघडे ठेवून गेलं तर आणखी काही ऐकू येतं. घुमणारी बाई घरात कधी बोलली नसती ते बोलते. सासऱ्याला एकेरी हाक मारते, कोणी काय केलं ते नावानिशी सांगते. लोक ऐकतात, कारण ती बोलत नसून तिच्या अंगातलं बोलतंय असं ते धरून चालतात. दुःख सांगायला दुसरी जागाच न ठेवलेल्या समाजात भूत ही एकमेव चावडी उरते. ज्या पोरांच्या आया तिथं घुमल्या, ती आमच्या शाळांत शिकतात. त्यांना ‘भूत नसतं’ एवढं सांगून थांबलो तर आईच्या तोंडून जे आलं त्याचं काय करायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. चांगली भयकथा इथं अंधश्रद्धेच्या विरुद्ध उभी राहते. ती वाचकाला भूत खरं मानायला लावत नाही, भुताच्या आडून कोण बोलतंय ते विचारायला लावते. ज्याला कथेतल्या भुताचा अर्थ लावता येतो, तो बाबाच्या हातातल्या लिंबाला सहज फसत नाही.

मुलांना जखमा का दाखवायच्या, असंही विचारतात. जखमा झालेल्या मुलांना त्या ठाऊकच आहेत, हे विचारणाऱ्याच्या ध्यानात येत नसावं. गप्प बसून कोणाचं रक्षण होतं तर जखमा न झालेल्यांचं.

धोके मात्र आहेत. दलिताची व्यथा मसाला म्हणून वापरणारी भयकथा लिहिली जाईल. अत्याचारात मेलेली मुलगी पांढऱ्या साडीत परत येऊन सूड उगवते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो, असे सिनेमे आपल्याकडं आलेच आहेत. त्यात खोट अशी की न्याय मेल्यावर मिळतो. जिवंत मुलीनं पोलीस ठाण्यात जायचं, साक्ष द्यायची, गावात पुन्हा मान वर करून फिरायचं, हे सगळं कथेतून गळून जातं. खैरलांजीला 29 सप्टेंबर 2006 ला दलित कुटुंबाचं जे हत्याकांड घडलं त्यावर अशी सूडकथा रचणं मला अश्लील वाटेल. कुमारांसाठी लिहायचं तर कथेतलं पोर शेवटी जिवंत उरलं पाहिजे आणि त्याच्या हातात काही करण्यासारखं असलं पाहिजे. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ सिनेमातला जब्या शेवटी दगड उचलतो, तो जिवंतपणी उचलतो, म्हणून तो आजही अंगावर येतो.

लिहायला जागा शोधत लांब जायला नको. लोणारच्या विवरात विष्णूनं लवणासुराला मारलं अशी कथा आहे आणि गावात दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर आहे. शाळेच्या सहली तिथं जातात, पोरं दैत्य कसा मेला ते ऐकतात. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त अशा सगळ्या दैत्यवधांकडं उलट बाजूनं पाहायला शिकवलं. मारले गेले ते या मातीतले लोक होते आणि गोष्ट जिंकणाऱ्यांनी लिहिली. दीडशे वर्षांपूर्वी हा दृष्टिकोन हाती आलेला असताना विवराच्या काठावर राहणाऱ्या एखाद्या पोरीला खालून हाक ऐकू येते, अशी कादंबरी वऱ्हाडी बोलीत अजून का आली नाही?

ती वेशीबाहेरून आलेल्या मुलांनी लिहावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इतरांनीही लिहावं, पण आपल्या बाजूची भीती लिहावी: टोलनाक्याच्या झोपडीत पाणी असून न देणाऱ्याची. त्याला त्या रात्री झोप कशी लागली, हे आजवर कोणी लिहिलेलं नाही.

मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. या वर्षी नववीच्या वर्गात मसूरच्या रस्त्यावरची ती रात्र वाचून दाखवा आणि मग पोरांना आपापल्या गावातली भीती लिहायला सांगा. शुद्धलेखन तपासू नका, बोली बदलू नका. दिवाळी अंकांच्या आणि ‘किशोर’सारख्या मासिकांच्या संपादकांनी त्यातलं चांगलं छापावं. मुक्ता साळवेचा निबंध 1855 मध्ये छापणारा संपादक मिळाला होता. आजच्या मुक्तालाही तो मिळायला हवा.